घरच्या खोलीत भजनाचे ध्वनिमुद्रण: पखवाजाचा खर्ज हरवतो, टाळ टोचतो आणि लय बांधली जाते

प्रश्न : कृष्णाकाठ

नमस्कार. माझी आत्या ६८ वर्षांची आहे. मिरजेजवळच्या आमच्या गावात महिला भजनी मंडळात ती गेली चाळीस वर्षे गाते. तिच्याकडे काही अभंगांच्या आणि गवळणींच्या अशा चाली आहेत, ज्या तिला तिच्या सासूबाईंकडून मिळाल्या आणि आज गावात दुसऱ्या कोणालाही येत नाहीत. त्या नीट ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात या एकाच हेतूने मी घरातली वरची खोली रिकामी करून घेतली आणि थोडीफार साधनसामग्री जमवली.

खोली १० बाय १२ फुटांची असून उंची साडेनऊ फूट आहे. खाली फरशी आहे, भिंती उघड्या आहेत आणि एका बाजूला लोखंडी कपाट आहे. माझ्याकडे एक लॅपटॉप, माईक लॅपटॉपला जोडणारा दोन इनपुटचा इंटरफेस, एक मोठ्या पडद्याचा कंडेन्सर माईक, एक शुअर एसएम ५७ माईक आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन आहेत. मुद्रणासाठी रीपर ही प्रणाली वापरतो. शिकलो ते सगळे व्हिडिओ पाहून, आणि त्यात सांगितले होते त्याप्रमाणे प्रत्येक वाद्य वेगवेगळे मुद्रित केले. आधी क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या ठरावीक लयीच्या टकटकीवर, पखवाज, मग पेटी, मग आत्याचा आवाज आणि शेवटी टाळ, अशा क्रमाने चार अभंग झाले.

आता अडचणी सांगतो. हेडफोनमधून आत्याला स्वतःचा आवाज किंचित उशिरा ऐकू येतो आणि त्यामुळे ती बिचकते. मात्र त्याहून मोठी गोष्ट अशी की, तिसऱ्या अभंगाच्या मध्येच तिने गाणे थांबवले आणि मला म्हणाली, "मी कुणाच्या मागनं गायचं बाळा? मृदंग माझ्याकडं बघतच न्हाई." तिचे म्हणणे मला पटले, पण त्यावर उपाय सुचला नाही. दुसरी अडचण मिश्रणाची, म्हणजे वेगवेगळी मुद्रणे एकत्र करण्याची, आहे. हेडफोनमध्ये पखवाजाची डावी बाजू छान घुमते, पण तेच गाणे मोबाईलवर लावले की डावी बाजू जणू नाहीशीच होते आणि नुसती टकटक उरते. ती वाढवली की सगळे गाणे कोंदट होते. शिवाय टाळ सगळ्यांच्या वर चढून बसतो. त्याचा आवाज कमी केला तरी तो टोचतोच, आणि आत्याच्या 'स' आणि 'श' या अक्षरांशी त्याची गल्लत होते.

खर्च आणखी पाच-सात हजारांपर्यंत करता येईल. नवा माईक घ्यावा, खोलीला फोम लावावा की पद्धतच बदलावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : निरंतर

आवाज उशिरा येण्याचा प्रश्न सर्वांत सोपा आहे, म्हणून तो आधी मिटवू या. लॅपटॉप ध्वनी थेट पुढे देत नाही. तो ध्वनीचे नमुने एका बफरमध्ये साठवतो आणि बफर भरला की तो गठ्ठा पुढे पाठवतो. तुमचा बफर १०२४ नमुन्यांचा असेल आणि मुद्रण सेकंदाला ४८,००० नमुन्यांवर चालू असेल, तर एक बफर भरायला सुमारे २१ मिलिसेकंद लागतात. आवाज आत येताना एकदा आणि बाहेर जाताना एकदा, असे मिळून ४२ मिलिसेकंदांहून अधिक होतात. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण एक फुटाहून थोडे अधिक अंतर कापतो. म्हणजे आत्यांना स्वतःचा आवाज जवळजवळ ४८ फुटांवरून आल्यासारखा ऐकू येत होता. इतक्या अंतरावरून परतणाऱ्या स्वतःच्या आवाजावर कोणीही सुरात गाऊ शकणार नाही.

मुद्रण करताना बफर १२८ वर आणा. हाच काळ मग जातायेता मिळून साडेपाच मिलिसेकंदांच्या आसपास येतो. प्रत्यक्षात इंटरफेसच्या आतल्या रूपांतरामुळे तो थोडा अधिक असतो, पण गायला अडचण येत नाही. विंडोज वापरत असाल तर इंटरफेसच्या उत्पादकाने दिलेला आसिओ ड्रायव्हरच निवडा, कारण विंडोजच्या नेहमीच्या ध्वनिमार्गावर हा उशीर कमी करण्याला मर्यादा आहेत. मिश्रणाच्या वेळी बफर पुन्हा १०२४ वर न्या, म्हणजे प्रोसेसरवर ताण पडणार नाही आणि आवाज तुटणार नाही.

याहूनही सरळ मार्ग म्हणजे इंटरफेसवरचे थेट ऐकण्याचे बटण. बहुतेक इंटरफेसवर ते असते. ते दाबले की माईकचा आवाज लॅपटॉपमधून फिरून न येता थेट हेडफोनमध्ये येतो. तसे केले तर रीपरमधल्या त्या ट्रॅकचे इनपुट ऐकणे बंद करायला विसरू नका, नाहीतर एकच आवाज दोनदा, एकदा लगेच आणि एकदा उशिरा, असा ऐकू येईल. आत्यांना हेडफोनचा एकच कप कानावर ठेवू द्या आणि दुसरा कान मोकळा असू द्या. ज्यांनी आयुष्यभर देवळाच्या मंडपात गायले आहे, त्यांना दोन्ही कान बंद करून गायला लावणे मला योग्य वाटत नाही.

उत्तर : खर्जभरणा

मी नाशिकला गेली पंधरा वर्षे ध्वनिमुद्रणाचे काम करतो आणि त्यातला मोठा भाग भजन, कीर्तन आणि भारुड यांचाच आहे. निरंतर यांनी सांगितलेला उपाय अगदी बरोबर आहे. पण त्याने तुमच्या आत्याबाईंची तक्रार मिटणार नाही, कारण ती तक्रार हेडफोनची नसून लयीची आहे. भजनात लय एका जागी उभी राहत नाही. अभंग ठाय लयीत सुरू होतो, ध्रुपद पुन्हा पुन्हा घेता घेता ती चढते, आणि शेवटी दुगुणीत जाताना गाणारी आणि वाजवणारा एकमेकांच्या तोंडाकडे पाहून ते ठरवतात. क्लिकवर आधीच वाजवून ठेवलेला पखवाज हे करू शकत नाही. मृदंग माझ्याकडे बघत नाही, असे त्या म्हणाल्या, ते तंत्राच्या दृष्टीनेही शब्दशः खरे आहे. म्हणून माझा सल्ला असा की क्लिक बंद करा आणि सर्वांना एकाच वेळी, एकाच खोलीत बसवून मुद्रित करा.

एका खोलीत बसवले की प्रत्येक माईकमध्ये प्रत्येकाचा आवाज शिरणार, ही भीती असते. ती भीती माईकच्या दिशेचा उपयोग करून बरीच कमी करता येते. तुमचे दोन्ही माईक कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचा आवाज घेणारे, असावेत. एसएम ५७ तर आहेच, आणि कंडेन्सरवर निवडीचे बटण असेल तर तेही त्याच खुणेवर ठेवा. अशा माईकची पाठ जवळजवळ बहिरी असते आणि बाजूने, म्हणजे ९० अंशांतून, येणारा आवाज समोरच्यापेक्षा सुमारे ६ डेसिबलने कमी घेतला जातो. आता बसण्याची रचना अशी करा. आत्याबाई आणि पखवाजी यांना समोरासमोर, पाच-सहा फुटांवर बसवा. कंडेन्सर आत्याबाईंच्या तोंडापासून एका फुटावर असू द्या आणि त्याची पाठ पखवाजाकडे करा. एसएम ५७ पखवाजासमोर दीड फुटावर असू द्या आणि त्याची पाठ आत्याबाईंकडे करा. अशा रीतीने दोघांची नजरानजर राहते आणि त्याच रेषेत दोन्ही माईकच्या बहिऱ्या बाजू येतात. खर्जाच्या बाबतीत ही आड पूर्ण नसते, पण मिश्रणाला पुरेशी असते. दोन माईकमधले अंतर मात्र, प्रत्येक माईक त्याच्या वाद्यापासून जितका दूर आहे त्याच्या निदान तिप्पट ठेवा. एक माईक एका फुटावर आणि दुसरा दीड फुटावर असेल, तर दोघांमध्ये साडेचार फूट अंतर हवे. म्हणून पाच-सहा फुटांऐवजी सात फुटांवर बसता आले तर आणखी बरे, आणि तुमच्या खोलीची १२ फुटांची बाजू त्यासाठी पुरते.

पेटीसाठी तिसरे इनपुट नाही याची चिंता करू नका. पेटी कंडेन्सरच्या बाजूला तीन-चार फुटांवर ठेवा, म्हणजे ती आत्याबाईंच्या माईकमध्येच योग्य प्रमाणात येईल. जास्त वाटली तर पेटी एक फूट मागे सरकवा, कमी वाटली तर पुढे घ्या. ही काही तडजोड नाही, हीच जुनी आणि भक्कम पद्धत आहे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या वतीने फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आले आणि गायिका गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा मुद्रणात ना वीज होती ना माईक. एकच कर्णा होता, आणि कोणी किती जवळ बसायचे यावरच सगळा तोल ठरत असे. विजेवरचे ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास आले, तोवर सगळ्या जगात असेच चालले. तुमच्याकडे दोन माईक आहेत आणि दहा मिनिटांचे चाचणी मुद्रण करून पुन्हा ऐकण्याची सोय आहे, म्हणजे त्या लोकांपेक्षा तुमची स्थिती कितीतरी चांगली आहे.

टाळकरी आत्याबाईंच्या माईकच्या पाठीमागे, पखवाजाच्याही पलीकडे, आठ फुटांवर भिंतीला पाठ लावून बसवा आणि त्या भिंतीवर जाड गोधडी टांगा. टाळाचा आवाज इतका लख्ख आणि क्षणिक असतो की माईक जवळ असेल तर नंतर इक्यूने, म्हणजे स्वरांचे पट्टे कमी-जास्त करण्याच्या साधनाने, कितीही कापले तरी टोच जात नाही. ती टोच अंतराने जाते. मंडपात आपण टाळ कधीच एका फुटावरून ऐकत नाही.

आता खोली. फोमवर पैसे घालवू नका. एक-दोन इंचांचा फोम वरचे स्वर शोषतो आणि खालचे तसेच सोडतो, त्यामुळे खोली आणखी कोंदट वाटते. १०० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर असते आणि ती दोन इंचांच्या थराला जुमानत नाही. अंड्यांचे ट्रे लावण्याचा सल्लाही अनेकजण देतात, त्याचा काहीही उपयोग नाही. तुमच्या खोलीच्या १२ फुटांच्या बाजूमुळे सुमारे ४७ हर्ट्झवर आणि १० फुटांच्या बाजूमुळे सुमारे ५६ हर्ट्झवर लहर दोन भिंतींमध्ये अडकून राहते, आणि त्यांच्या दुपटीवर पुन्हा तेच होते. गंमत अशी की खोलीच्या बरोबर मध्यावर या पहिल्या लहरींचा दाब जवळजवळ शून्य असतो. तुम्ही पखवाजाचा माईक खोलीच्या मधोमध ठेवला असेल तर खालचा भराव मुळातच कमी मुद्रित झाला असण्याचा संभव आहे. माईक मध्यापासून दोन-अडीच फूट बाजूला घेऊन पाहा.

पैसे खर्च करायचेच असतील तर चार इंच जाडीचे आणि घनमीटरला ४८ किलो घनतेचे रॉकवूलचे, म्हणजे खनिज तंतूंच्या थराचे, सहा तुकडे घ्या, लाकडी चौकटीत बसवा, सुती कापडाने नीट शिवून टाका आणि भिंतीपासून चार इंच पुढे, गाणाऱ्याच्या मागे आणि कोपऱ्यांत उभे करा. कापड घट्ट शिवा, कारण रॉकवूलचे तंतू श्वासात जाऊ नयेत. तोपर्यंत घरातल्या कापसाच्या गाद्या भिंतीला उभ्या टेकवा आणि फरशीवर सतरंजी व तिच्यावर घोंगडी अंथरा. लोखंडी कपाट मात्र बाहेर काढा. पखवाजाच्या थापेबरोबर त्याची दारे थरथरतात आणि ती थरथर मुद्रणात येते, हे मी स्वतः दोनदा अनुभवले आहे.

उत्तर : थापेवर

मी पखवाज वाजवतो, त्यामुळे यंत्रांविषयी न बोलता वाद्याविषयीच बोलतो. मोबाईलवर डावी बाजू ऐकू येत नाही, याचे एक कारण कणकेत असू शकते. मुद्रणासाठी बसल्यावर पंखा बंद करावा लागतो, खोली तापते आणि डाव्या तोंडाची कणीक तासाभरात सुकू लागते. कणीक सुकली की तिचे वजन कमी होते आणि नाद वर सरकतो. देवळात आपण सहज पाण्याचा हात फिरवतो, पण माईकसमोर बसल्यावर ती सवय सुटते आणि पहिल्या अभंगातला पखवाज चौथ्या अभंगात वेगळा वाजतो. प्रत्येक अभंगाआधी कणीक आणि उजवीकडची शाई दोन्ही पेटीच्या षड्जाशी पडताळून घ्या, आणि पावसाळ्यात तर दोन अभंगांच्या मध्येही, कारण दमट हवेत चामडे सैल पडते.

खर्जभरणा यांनी सांगितलेल्या दीड फुटाच्या अंतराला मी दुजोरा देतो. माईक नेमका दोन तोंडांच्या मध्यावर न ठेवता खोडाच्या समोर, डाव्या तोंडाकडे चार बोटे झुकवून ठेवा. उजव्या बाजूची 'ता' आणि 'टे' ही अक्षरे स्वभावतःच लांबवर जातात, डाव्या बाजूच्या 'धा'मधला घुमारा मात्र थोडा जवळून घ्यावा लागतो. माईक डाव्या तोंडाच्या अगदी सहा इंचांवर मात्र नेऊ नका, तिथे नुसता फुगीर 'धम्म' येतो आणि बोल कळत नाहीत. मला एका ठिकाणी तसे मुद्रित केले होते आणि ऐकताना मला स्वतःचाच हात ओळखता आला नाही.

उत्तर : अर्धमात्रा

सर्वांना एकत्र बसवण्याच्या सल्ल्याशी मी पूर्ण सहमत नाही. आत्याबाई ६८ वर्षांच्या आहेत. एका अभंगात टाळकऱ्याची चूक झाली म्हणून सहा मिनिटांचे गाणे त्यांना पाच-पाच वेळा गायला लावणे त्यांच्यावर अन्याय होईल, आणि तिसऱ्या वेळी गळ्यातला पहिला ताजेपणा राहत नाही. त्यामुळे मी मधला मार्ग सुचवतो. आधी सर्वांना एकत्र बसवून, खर्जभरणा यांनी सांगितले तसेच, संपूर्ण अभंग मुद्रित करा. तोच आपला पाया. क्लिक नको, हा पायाच पुढे क्लिकचे काम करील. आत्याबाईंचा आवाज त्यात उत्तम आला असेल तर तो हलवू नका. पखवाजाची एखादी तिहाई बिघडली असेल, तर पखवाजी तेवढाच भाग आत्याबाईंचा मूळ आवाज ऐकत पुन्हा वाजवील. तेव्हा तो खरोखर त्यांच्याकडे बघत नसला, तरी त्यांच्या श्वासाकडे लक्ष देऊन वाजवत असतो. मात्र मूळ वादनाचा थोडा अंश आवाजाच्या माईकमध्ये असतो, म्हणून नवे वादन लयीत तंतोतंत बसायला हवे, नाहीतर एका थापेच्या दोन थापा ऐकू येतात.

आता मिश्रणाविषयी. तुम्ही ज्याला खर्ज हरवणे म्हणता, ते प्रत्यक्षात मोबाईलच्या स्पीकरचे अपंगत्व आहे. एवढासा स्पीकर २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली जवळजवळ काहीच वाजवू शकत नाही, आणि पखवाजाच्या डाव्या बाजूचा मूळ नाद त्याच्या बराच खाली असतो. तुम्ही खालचा भाग वाढवता तेव्हा मोबाईलवर काहीच बदलत नाही, आणि हेडफोनवर मात्र गाळ साचतो. उपाय असा की मूळ नाद न वाढवता त्याचे वरचे उपस्वर थोडे जागे करायचे. आपल्या श्रवणाचा एक गुण आहे. मूळ स्वर ऐकू आला नाही, पण त्याच्या दुपटीचे, तिपटीचे उपस्वर ऐकू आले, तर मेंदू मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. रीपरसोबत येणाऱ्या सॅच्युरेशनच्या साधनाने पखवाजाच्या ट्रॅकवर अगदी हलकी विकृती आणा, इतकी हलकी की एकट्याने ऐकताना ती जेमतेम जाणवेल. मग मोबाईलवर ऐकून पाहा.

कोंदटपणा बहुधा २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात आहे. पेटी, आत्याबाईंचा आवाज, पखवाजाचे खोड आणि लहान खोलीचा घुमारा, हे चारही तिथेच गर्दी करतात. त्यात कोणाला जागा द्यायची हे ठरवावे लागते. मी आवाजाला देईन आणि पेटीचा ३०० च्या आसपासचा भाग दोन-तीन डेसिबलने कमी करीन. तुमच्या रचनेत पेटी आवाजाच्याच माईकमध्ये येणार असेल तर हे इक्यूने जमणार नाही, म्हणून ते काम पेटीची जागा ठरवतानाच करा.

आवाजाच्या ट्रॅकवर खालचा भाग कापण्याचा फिल्टर सगळेच लावतात, पण तो कुठे लावायचा हे गाणाऱ्याच्या पट्टीवरून ठरवा. समजा आत्याबाई काळी चारमध्ये गात असतील, तर त्यांचा षड्ज सुमारे २०८ हर्ट्झवर आणि मंद्र पंचम सुमारे १५६ हर्ट्झवर येतो. त्या पंचमाच्या खाली जात नसतील तर फिल्टर ११० वर लावायला हरकत नाही, आणि त्यामुळे आवाजाच्या माईकमध्ये शिरलेला पखवाजाचा खालचा भागही निघून जातो. तोच फिल्टर काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाला लावला तर त्याचा मंद्र पंचम १०४ हर्ट्झच्या आसपास असल्याने तो पोकळ होईल.

कॉम्प्रेसरची, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या साधनाची, घाई करू नका. आधी आवाजाच्या ट्रॅकवरची पातळी ओळीओळीने हाताने वरखाली करा, दबलेली अक्षरे उचला आणि ओरडलेली उतरवा. हे कंटाळवाणे काम आहे, एका अभंगाला एक तास लागतो, पण त्यानंतर ३:१ प्रमाणाचा कॉम्प्रेसर तीन-चार डेसिबल दाबेल एवढाच लावावा लागतो आणि आवाज नैसर्गिक राहतो. रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, लावताना त्याच्या आधी २० ते ३० मिलिसेकंदांचे अंतर ठेवा, म्हणजे शब्द पुढे राहतात आणि घुमारा मागे. मंडपाचा भास हवा म्हणून लांबलचक रिव्हर्ब लावण्याचा मोह होतो, पण अभंगात शब्द कळलाच पाहिजे.

कृष्णाकाठ

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल चाचणी घेतली. समोरासमोर बसवल्यावर आत्या पहिल्या कडव्यातच मोकळी झाली, आणि ध्रुपद चढवताना पखवाजी तिच्याकडे पाहून हसला तो क्षण मुद्रणात ऐकू येतो असे मला खरोखर वाटते. कपाट बाहेर काढले आणि गाद्या उभ्या केल्या. निरंतर यांनी सांगितल्याप्रमाणे बफर बदलला, पण एकत्र बसल्यावर हेडफोनची गरजच पडली नाही.

दोन नव्या अडचणी आल्या. आत्याला गाताना स्वतःच्या हातात टाळ लागतो. तो काढून घेतला की ती सम चुकते आणि अस्वस्थ होते. दुसरे म्हणजे दोन्ही ट्रॅक एकत्र ऐकले की पखवाज एकट्या ट्रॅकपेक्षा बारीक होतो. आवाज वाढला पाहिजे तिथे भराव कमी होतो, हे मला समजले नाही.

उत्तर : खर्जभरणा

दुसरी अडचण आधी सांगतो, कारण ती एका बटणाची आहे. पखवाजाचा ध्वनी त्याच्या माईकवर आधी पोहोचतो आणि आत्याबाईंच्या माईकवर चार-पाच मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोन्ही एकत्र केले की काही स्वरांवर एका लहरीचा चढ आणि दुसरीचा उतार एकाच वेळी येतात आणि एकमेकांना खोडतात. रीपरमध्ये प्रत्येक ट्रॅकवर पोलॅरिटी, म्हणजे लहरीचे चढ आणि उतार, उलटण्याचे बटण असते. पखवाजाच्या ट्रॅकवर ते दाबून पाहा आणि ज्या स्थितीत भराव जास्त वाटतो ती ठेवा. अर्धमात्रा यांनी सांगितलेला ११० चा फिल्टर आवाजाच्या ट्रॅकवर लावला की खालच्या पट्ट्यातली ही खोडाखोड आणखी कमी होईल. हे मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून, ऐका, कारण दोन बाजूंना पसरलेल्या आवाजात ती लपते.

टाळ त्यांच्या हातातून काढू नका. टाळाच्या आतल्या कडेला दोन्हीकडे बोटभर रुंदीची सुती पट्टी चिकटवा. त्यांना आघाताची जाणीव मिळेल आणि आवाज नुसता मंद 'टप्' येईल. खरा टाळ दुसऱ्या बाईंनी आठ फुटांवर वाजवावा. मी हा उपाय एका वारकरी बुवांसाठी केला होता आणि पुढे दोन तास ते विसरूनच गेले की टाळ बांधलेला आहे.

गेन, म्हणजे माईकचा आवाज आत घेण्याची पातळी, लावताना सर्वांत मोठ्या थापेची पातळी उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास राहू द्या. २४ बिटमध्ये मुद्रण असेल तर हळू मुद्रित केल्याने काहीही बिघडत नाही, आणि शून्यावर, म्हणजे कमाल पातळीवर, आदळलेली थाप मात्र नंतर कोणालाही नीट करता येत नाही. चार्जर लावल्यावर बारीक गुणगुण येत असेल तर लॅपटॉप बॅटरीवर चालवा. ती आपल्या ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याची आणि त्याच्या पटींची असते.

उत्तर : अर्धमात्रा

यूट्यूबवर टाकायचे असेल तर एकंदर पातळी उणे १४ ते उणे १६ लुफ्सच्या (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचे माप) दरम्यान ठेवा. याहून मोठे केले तर यूट्यूब स्वतःच ते खाली आणते, आणि तोवर तुम्ही आवाजाचा चढउतार उगाच दाबून टाकलेला असतो. अंतिम शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

पण तुमचा हेतू जपण्याचा आहे, त्यामुळे मिश्रणापेक्षा मूळ ट्रॅक मोलाचे आहेत. ४८,००० नमुने आणि २४ बिट या मापाने एका ट्रॅकला मिनिटाला सुमारे साडेआठ एमबी लागतात. दोन ट्रॅकचा दहा मिनिटांचा अभंग पावणेदोनशे एमबीच्या आत बसतो, म्हणजे पन्नास अभंगही एका साध्या पेनड्राइव्हवर मावतात. मूळ वेव्ह फायली कसलाही इफेक्ट न लावता दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा आणि त्यातली एक दुसऱ्या घरी असू द्या. फायलीच्या नावात अभंगाची पहिली ओळ, पट्टी आणि तारीख घाला.

आणखी एक विनंती. प्रत्येक अभंगाआधी मुद्रण चालू ठेवून आत्याबाईंना विचारा की ही चाल त्यांच्या सासूबाई कोणत्या प्रसंगी गात, पहाटेच्या काकड्याला की हरिपाठानंतर, आणि त्यात कोणती हरकत सासूबाईंची आहे आणि कोणती आत्याबाईंची स्वतःची.

कृष्णाकाठ

पोलॅरिटीचे बटण दाबले आणि पखवाज जागेवर आला. पट्टीचा उपायही चालला, आत्याने फक्त विचारले की टाळाला सर्दी झाली आहे का. मंडळातल्या दुसऱ्या एक काकू रविवारी दुपारी टाळ घेऊन येणार आहेत. जुने चार अभंग पुन्हा पहिल्यापासून घेतो, आणि काकड्याची चाल सर्वांत आधी, कारण ती गाताना आत्याला तिच्या सासूबाईंची बसण्याची जागा आठवते असे ती कालच बोलता बोलता म्हणाली आणि तेव्हा माझे मुद्रण बंद होते.